थंड खोलीतला शनिवार

आमच्या पॅकिंगच्या बाईला कामावरून कमी केलं, त्या कागदावर मालकांच्या सहीखाली माझी सही आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको.

पनवेलजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथलं उत्पादन मी सांभाळते. माणसाच्या शरीरात असणारी काही एन्झाइम्स आम्ही तयार करतो, पण माणसापासून नाही. माणसाच्या जनुकाचा तुकडा जिवाणूत घालायचा, ते जिवाणू मोठ्या भांड्यात वाढवायचे आणि त्यांच्याकडून ते प्रोटीन करून घ्यायचं. ते औषध म्हणून कुणाला द्यायचं नसतं. लेबलवर ठळक लिहिलेलं असतं, फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. आमचं सगळ्यात जास्त जाणारं एन्झाइम यकृतातलं आहे. एखादं नवं औषध शरीरात गेल्यावर किती वेळात तुटेल, हे संशोधक आमच्या एन्झाइमवर आधी काचेच्या नळीत बघतात.

सुकापूरला आमच्या सोसायटीत कुणी विचारलं तर मी "केमिकल कंपनीत आहे" एवढंच सांगते. एकदा खरं सांगितलं होतं. शेजारीण पुढचे सहा महिने जिन्यात गाठून नवऱ्याच्या फॅटी लिव्हरवर उपाय विचारत होती.

शेंगदाण्याएवढी प्लास्टिकची कुपी आणि तिच्या तळाशी एक थेंब, असा आमचा माल. तो उणे ऐंशी अंशांवर ठेवावा लागतो. पाठवताना थर्माकोलच्या खोक्यात कोरड्या बर्फात पुरतात. हे खोकं भरण्याचं काम त्या बाईचं. ती उरणकडच्या कोळ्यांच्या घरातली सून. नवरा बंदरावर ट्रेलर चालवतो, म्हणून दोघं मुलींना घेऊन विचुंब्याला भाड्याने राहतात. ती कामाला लागली त्या दिवशी बर्फ कसा भरायचा ते मी तिला दाखवायला गेले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, खाली जास्त नि वर कमी असं नाय करायचं," ती म्हणाली. "वर जास्त पायजे. थंडावा खाली उतरतो."

बरोबर होतं. त्या दिवसापासून मी तिच्या खोक्यात डोकं घातलं नाही. भरायची ती, कागदावर सही करायचे मी, कारण सहीचा अधिकार माझा होता. सहा वर्षं असं चाललं.

मग तक्रार आली. दक्षिणेतल्या एका संस्थेत एक मुलगी पीएचडी करत होती. तिचं म्हणणं, एन्झाइम आल्या आल्या बरं चालतं आणि महिन्याभरात मरगळतं. पहिल्या वेळी आम्ही नवी कुपी पाठवली. दुसऱ्या वेळी तिच्या फ्रीझरबद्दल शंका काढली. तिसऱ्या वेळी तिच्या गाइडने थेट मालकांना फोन केला. पाठोपाठ आणखी दोन ठिकाणांहून तसंच कळलं.

मालक माणूस वाईट नाही, पण त्यांना उत्तर लवकर लागतं. त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रीकरण काढलं. त्यात एक खोकं टेबलावर पाऊण तास उघडं दिसत होतं. बर्फाने भरलेल्या खोक्याला पाऊण तासाने काही होत नाही, हे मला माहीत होतं. पण प्रत्येक लॉट मी स्वतः तपासला होता. तयार झाल्याच्या दिवशी प्रत्येकाचं काम चोख होतं. मग दोष आमच्या दारातून बाहेर पडताना किंवा पडल्यावर लागला असणार, असा माझा हिशेब. कुरिअरवाल्यांनी हात वर केले. उरली पॅकिंगची बाई. अहवाल मी लिहिला. "पॅकिंगमध्ये तापमान राखण्यात हयगय," असे शब्द वापरले.

तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मालक बोलले आणि मी बाजूला बसले होते. तिने त्यांचं सगळं ऐकलं आणि माझ्याकडे वळली.

"ताई, तुमी बी तसंच म्हनता?"

"अहवालात तसं आलंय."

"अहवाल कोनी लिवला?"

ती उठली आणि एप्रन काढून घडी घालून खुर्चीवर ठेवला.

आठवड्याने ती कपाटाची चावी परत द्यायला आली. मला वाटलं होतं ती भांडेल. ती दारातच उभी राहिली.

"नोकरी मिळंल दुसरी," ती म्हणाली. "कोलंबी सोलायच्या कारखान्यात बोलवलंय. पन घरात काय झालंय ते तुमाला सांगते. दीर बोल्ला, कोळ्याची सून नि बर्फ लावता येत नाय. सासूसमोर बोल्ला. आता कोन बी आलं की तेच. आमच्यात पोरगी चालायच्या आदी बर्फ फोडायला शिकते, ताई. तुमी माझी नोकरी घेतलीत ते एक. हे दुसरं जे घेतलंत, ते मी कुटून आनू?"

मी म्हटलं, "बघते." काय बघणार होते, मला माहीत नव्हतं. ती गेल्यावर मी कामाला लागले.

पुढे दोन महिन्यांनी मोठ्या फ्रीझरच्या भिंतींवर हिमाचा थर साचला म्हणून तो रिकामा करायचा होता. प्रत्येक लॉटच्या तीन कुप्या आम्ही राखून ठेवतो. पुढेमागे वाद झाला तर तपासायला. त्या कधी कुणी उघडत नाही, कारण उघडली की कुपी संपली. वाद होऊनही आम्ही त्या उघडल्या नव्हत्या. मालकांना चित्रीकरणात उत्तर सापडलं होतं, आणि माझा माझ्या चाचणीवर विश्वास होता. फ्रीझर रिकामा करताना त्यातली एक कुपी तडकलेली निघाली. पुन्हा ठेवता येत नव्हती आणि टाकून देणं माझ्या स्वभावात नाही. त्या दिवशी नव्या मुलीला चाचणी शिकवायची होती. म्हटलं, हीच घे.

तिचं उत्तर अपेक्षेच्या निम्म्याच्याही खाली आलं. मी तिलाच बोलले, हात स्वच्छ नाही म्हणून. मग स्वतः केली. तेच उत्तर. त्याच लॉटची दुसरी, न तडकलेली कुपी काढली. तेच. मग त्या दोन दिवसांत मी दीड वर्षाच्या राखीव कुप्या एकेक करून उघडल्या.

या कुप्या इमारतीबाहेर गेलेल्या नव्हत्या. कुठल्या खोक्यात बसल्या नव्हत्या, बाईचा हातही त्यांना लागलेला नव्हता. माझ्याच फ्रीझरमध्ये, माझ्याच कुलपात त्या निकामी झाल्या होत्या. सव्वा वर्षाहून जुन्या कुप्या मात्र ठणठणीत होत्या.

सव्वा वर्षापूर्वी आमचे जुने सर निवृत्त झाले होते.

सर पनवेलचेच, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. मराठी माझ्यापेक्षा चांगलं. मला हे काम त्यांनी शिकवलं. आमचं एन्झाइम जिवाणूच्या आत नीट घडत नाही, गोळा होऊन बसतं. तो गोळा तीव्र युरियात विरघळवायचा आणि ते पाणी एका पातळ पडद्याच्या पिशवीत भरून थंड खोलीत मोठ्या पिंपात टांगायचं. पिशवीतला युरिया हळूहळू बाहेर जातो आणि प्रोटीनची साखळी आपल्या मूळ आकारात दुमडत येते. दुमडल्यावर तिच्यातल्या गंधकाच्या टोकांना आपापली जोडी शोधून बंध बांधायचे असतात. सर शुक्रवारी दुपारी पिशवी टांगायचे आणि सूर्य मावळायच्या आत घरी पोचायचे. शनिवार त्यांचा धर्माने विश्रांतीचा, त्या दिवशी ते काम करत नसत. फोनही घेत नसत. रविवारी सकाळी एकटे येऊन पिशवी काढायचे.

ते गेल्यावर वेळापत्रक माझ्या हातात आलं. पिशवी रात्रभर ठेवली की युरिया निघून जातो, ते मी मोजून पाहिलं होतं. मग शनिवार फुकट का घालवायचा? मी संध्याकाळी टांगायची आणि सकाळी काढायची असा नियम केला. आठवड्याला एकाच्या जागी दोन लॉट निघू लागले. मालकांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं होतं.

आता मी एकाच गोळ्याच्या दोन पिशव्या केल्या. एक सोळा तासांनी काढली, दुसरी चाळीस तासांनी. पहिल्या दिवशी दोन्ही सारख्याच चांगल्या. दोन्ही गोठवल्या आणि दर आठवड्याला एकेक कुपी काढून पाहत राहिले. तिसऱ्या आठवड्यात सोळा तासांची घसरू लागली. सहाव्यात तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं. चाळीस तासांची जागची हलली नाही. युरिया रात्रभरात जात होता, पण बंध बांधून व्हायला त्याहून जास्त वेळ लागत होता. अर्धवट बांधलेलं प्रोटीन एक दिवस काम करून दाखवायचं, आणि मी त्याच दिवशी तपासून सही करायचे.

रविवारी सरांकडे गेले. ते मुलीकडे कायमचे इस्रायलला निघाले होते. जुन्या पनवेलमधल्या घरातलं सामान अर्धं बांधून झालं होतं, भिंतींवर नुसते खिळे. दाराच्या चौकटीवरची प्रार्थनेची लहान डबी तेवढी अजून जागेवर होती. "ती सगळ्यात शेवटी काढायची," सर म्हणाले. आदल्या रात्री प्रवासासाठी मलिद्याची प्रार्थना झाली होती. सरांच्या बायकोने तो मलिदा, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि वर केळ्याचे काप, वाटीत घालून दिला. मी खाल्लं आणि विचारलं.

"सर, तुम्ही चाळीस तास का ठेवायचात?"

"ठेवायचो कुठे? राहायचं ते. मी घरी असायचो."

"म्हणजे इतका वेळ लागतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं. पहिल्या वेळी युरिया शुक्रवारी आला म्हणून शुक्रवारी टांगलं. रविवारी चांगलं निघालं. चांगलं निघतंय त्याला कोण हात लावतो?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लावलास."

मी त्यांना बाईचं सगळं सांगितलं. ते हातातल्या दोरीची गाठ सोडवत राहिले.

"माझ्या वहीत वेळ आहे, कारण नाही," ते म्हणाले. "शनिवार आहे म्हणून थांबलो, असं लिहायला मला बरं वाटलं नाही. लिहिलं असतं तर निदान कुणीतरी विचारलं असतं, की थांबल्याने काय होतं."

"मी हसले असते, सर."

"हसली असतीस. तरी विचारलं असतंस." दोरी गुंडाळून त्यांनी बाजूला ठेवली. "त्या बाईकडे गेलीस का?"

"अजून नाही. आधी इथे आले."

"मग इथे काय बसलीस?" सरांची बायको म्हणाली.

पण रिकाम्या हाताने तिच्याकडे जाण्यात अर्थ नव्हता. सोमवारी सगळे आकडे घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कागद दोनदा वाचले.

"बाईला परत बोलवा. काही हरकत नाही. पण गिऱ्हाइकांना कशाला लिहायचं, मॅडम? नवीन माल पाठवा चांगला. विषय संपला."

"त्या मुलीची वर्षभराची निरीक्षणं आपल्या मालावर आहेत, साहेब."

"संशोधन आहे ते. चुका होतातच."

"तिच्या होत असतील. ही आपली आहे."

"तुमची," ते म्हणाले.

"हो. तसंच लिहिते."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पत्रांवर सह्या केल्या. दक्षिणेतल्या मुलीचं दोन ओळींचं उत्तर आलं. वर्षाचं काम पुन्हा करावं लागेल, कळवल्याबद्दल आभार. ते वाचून मला बरं वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं.

एक पत्र मी मराठीत लिहिलं. पॅकिंगमध्ये कोणतीही हयगय नव्हती, खोकी योग्य रीतीने भरली होती, दोष उत्पादनाच्या वेळापत्रकात होता आणि तो बदल मी केला होता. खाली माझी सही, शेजारी मालकांची आणि कंपनीचा शिक्का. बाईला फोन केला तर ती म्हणाली, "रविवारी या. त्या दिशी सासू नि दीर येतात."

विचुंब्याच्या तिच्या घरात दोन खोल्या. सासू जमिनीवर बसून बोंबील साफ करत होती. दीर पलंगावर पाय पसरून मोबाइल बघत होता. बाईने माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मधोमध ठेवली. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते उघडलं, वरून खालपर्यंत पाहिलं आणि मला परत दिलं.

"तुमीच वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. मला मीटिंगमध्ये बोलायची सवय आहे, तरी तिसऱ्या ओळीला अडखळले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दिराने मोबाइल उलटा ठेवला. "म्हंजे बर्फ बराबर व्हता?"

"बरोबर होता. मी भरला असता त्याहून चांगला होता."

"मग माल कसा मेला?"

"बनवतानाच कच्चा राहिला होता. मी वेळेआधी काढला."

"का?"

"जास्त माल निघावा म्हणून."

सासूने मान वर केली नाही. "बिघाडलेली मासळी बर्फात घातली, तं बर्फ काय करनार," ती म्हणाली आणि पुढचा बोंबील उचलला.

"मी मस्करीत बोल्लो व्हतो," दीर बाईला म्हणाला.

"पाच म्हैने चालली तुमची मस्करी, भावोजी. गावात बी चालली. आता गावात जाऊन हे पन मस्करीत सांगा."

बाईने माझ्या हातातून पत्र घेतलं, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवी कपाटात ठेवली. मला चहा विचारला नाही. मी उठल्यावर मात्र खाली गेटपर्यंत आली.

"तुझी जागा रिकामी आहे," मी म्हटलं. "साहेबांनी सांगितलंय. मधल्या काळाचा पगारही धरतील."

"ते धराच. पन एक हाय. खोक्याच्या कागदावर सही माझी पायजे. भरायचं मी, सही तुमची नि खापर माझ्यावर, असं आता नाय."

"ठीक आहे."

"तुमी ठीक म्हनून काय होतं? सायबाकडून लिवून आना."

मालक म्हणाले, पॅकिंगची बाई सही करणार? मी म्हटलं, भरते ती, मग आणखी कुणी करायची? सहा वर्षं मी न बघता सह्या केल्या आणि खापर मात्र तिच्यावर फुटलं, ते कागद त्यांच्या टेबलावरच पडलेले होते. त्यांनी नवा तक्ता छापून घेतला. तिने तो फोनवर फोटोतून पाहिला, आणि कोलंबीच्या कारखान्यातला महिना पुरा करूनच येईन असं कळवलं. महिनाभर खोकी मी भरली. माझे हात दोनदा बर्फाने पोळले.

आली ती एक तारखेला, वेळेवर. माझ्याशी कामापुरतं बोलते. पूर्वी डब्यातलं कालवण झाकणात काढून माझ्यासमोर सरकवायची, आता सरकवत नाही आणि मी मागत नाही. पहिल्याच दिवशी दक्षिणेतल्या त्या मुलीचा माल जायचा होता, चाळीस तासांच्या लॉटचा. तिने कुप्या मोजल्या, खाली थोडा बर्फ घातला, वर जास्त घातला, झाकण दाबून चिकटपट्टी लावली. मी सवयीने पेन काढून हात पुढे केला. तिने कागद आपल्याकडे ओढला, सावकाश पूर्ण नाव लिहिलं, खाली तारीख आणि वेळ टाकली, आणि खोकं उचलून गाडीकडे घेऊन गेली.